शक्तिपीठ महामार्ग : परभणीचे शेतकरी काय विचारत आहेत?

परभणी, खास प्रतिनिधी -

नागपूर ते गोवा या प्रस्तावित शक्तिपीठ महामार्गाच्या बाजूने की विरोधात, असा प्रश्न परभणी जिल्ह्यात विचारला, तर एका शब्दात उत्तर मिळणे कठीण आहे. बाजारपेठेतील व्यापाऱ्याला रस्ता हवा आहे, पण तो कोठे उतरणार, हे त्याला ठाऊक नाही. ज्याच्या शेतातून आखणी गेली आहे, त्या शेतकऱ्याला जमीन द्यायची नाही. शेजारचा कोरडवाहू जमिनीचा मालक मात्र दर चांगला मिळाला तर विचार करू, असे म्हणतो. नोकरीनिमित्त पुण्यात स्थायिक झालेल्या भावाचे मत गावातील भावापेक्षा वेगळे असते. ही सगळी मते एकाच गावात, प्रसंगी एकाच सातबाऱ्यावर एकत्र नांदत आहेत.

या मतभेदांना आणखी एक पार्श्वभूमी आहे. जिल्ह्यातून एक नव्हे, तर दोन पथकर महामार्ग प्रस्तावित आहेत. पहिला जालना ते नांदेड हा समृद्धी महामार्गाला जोडणारा द्रुतगती मार्ग आणि दुसरा शक्तिपीठ महामार्ग. दोन्ही प्रकल्प महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचे आहेत आणि दोन्ही जमीन मागतात. तरीही लोकांचे म्हणणे दोन्हींबाबत सारखे नाही. पहिल्या मार्गाबाबत वाद आहे तो मुख्यतः मोबदल्याचा. दुसऱ्याबाबत तो रस्ता हवा कशासाठी, येथपासूनच प्रश्नांना सुरुवात होते. हा फरक का पडला, हे समजून घेतले तर 'विकासाला विरोध' या एका शिक्क्याखाली परभणीकरांचे म्हणणे का बसत नाही, तेही लक्षात येईल.

प्रकल्प काय आहेत?

समृद्धी महामार्ग हा नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटरचा आहे. त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. हा मार्ग जालन्याजवळून जातो; परभणी, हिंगोली आणि नांदेड हे जिल्हे मात्र त्यापासून दूर राहिले. ही उणीव भरून काढण्यासाठी २०२१ मध्ये जालना ते नांदेड या सुमारे १८० किलोमीटरच्या जोडमार्गाची घोषणा झाली. परभणी जिल्ह्यातील सेलू, जिंतूर, परभणी आणि पूर्णा या तालुक्यांतून तो जातो.

शक्तिपीठ महामार्गाची मूळ आखणी वर्धा जिल्ह्यातील पवनार ते सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पत्रादेवी अशी ८०२ किलोमीटरची होती. माहूर, तुळजापूर आणि कोल्हापूर ही शक्तिपीठे, तसेच औंढा नागनाथ, परळी वैजनाथ, अंबाजोगाई, पंढरपूर अशी तीर्थक्षेत्रे त्याद्वारे जोडली जातील, असे शासनाने सांगितले आहे. सहा पदरी असलेल्या या मार्गाचा अंदाजित खर्च ८६ हजार ३०० कोटी रुपये सांगण्यात आला. नागपूर ते गोवा हा सुमारे १८ तासांचा प्रवास ८ तासांवर येईल, हा शासनाचा प्रमुख दावा आहे. १२ जिल्ह्यांतून जाणारा हा मार्ग परभणी जिल्ह्यात पूर्णा, परभणी आणि सोनपेठ या तालुक्यांतून पुढे बीड जिल्ह्यात शिरतो. म्हणजेच परभणी आणि पूर्णा या तालुक्यांच्या वाट्याला दोन्ही महामार्ग आले आहेत.

या प्रकल्पाचा प्रवास सरळ झालेला नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत शेतकऱ्यांच्या नाराजीची चर्चा झाल्यानंतर त्याचे काम थंडावले. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील भूसंपादनाची अधिसूचना रद्द करण्यात आली. निवडणुकीनंतर प्रकल्पाने पुन्हा वेग घेतला. १२ मार्च २०२५ रोजी १२ जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी मुंबईत आझाद मैदानावर मोर्चा नेला. २४ जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने आखणीला आणि भूसंपादनासाठी २० हजार ७८७ कोटी रुपयांच्या तरतुदीला मान्यता दिली. त्यानंतर आठवडाभरातच, १ जुलै रोजी म्हणजे कृषिदिनी, शेतकऱ्यांनी रास्ता रोको केला. परभणी जिल्ह्यातही संयुक्त मोजणीसाठी आलेल्या पथकांना शेतकऱ्यांच्या विरोधाला तोंड द्यावे लागले.

जोडमार्गाला होकार, शक्तिपीठाला नकार का?

परभणीचा माणूस कामासाठी कोठे जातो, यात या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि विभागीय आयुक्तालय छत्रपती संभाजीनगरला आहे. मोठ्या रुग्णालयांसाठी नांदेड किंवा संभाजीनगर गाठावे लागते. शिक्षण आणि नोकरीसाठी मुले पुण्याला जातात. मानवत, सेलूचा कापूस असो की जिल्ह्यातील सोयाबीन, मालाची मोठी वाहतूक पश्चिमेकडे होते. जालना ते नांदेड हा मार्ग याच नेहमीच्या दिशेने जातो. आज ही वाहतूक पाथरी, मानवत, परभणी आणि नांदेड यांना जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ वर अवलंबून आहे. त्यामुळे या जोडमार्गाचा उपयोग लोकांना पटवून द्यावा लागला नाही. तेथे शेतकऱ्यांची मागणी प्रामुख्याने एकच राहिली : समृद्धीसाठी जमीन देणाऱ्यांना जो दर मिळाला, तोच आम्हाला द्या.

शक्तिपीठ महामार्गाची दिशा वेगळी आहे. नागपूरहून गोव्याकडे जाणाऱ्या प्रवाशाला त्याचा लाभ उघड आहे. परंतु पूर्णा किंवा सोनपेठ तालुक्यातील शेतकऱ्याला नागपूरला किंवा गोव्याला वर्षातून किती वेळा जावे लागते, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. परळी वैजनाथ आणि औंढा नागनाथ ही दोन्ही ज्योतिर्लिंगे परभणीकरांना शेजारचीच आहेत. तेथे जाण्यासाठी आहे तोच रस्ता नीट करा, असे अनेकांचे म्हणणे आहे.

विरोधकांचा आणखी एक मुद्दा नागपूर ते रत्नागिरी या राष्ट्रीय महामार्गाचा आहे. वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, सांगली आणि कोल्हापूर या पट्ट्यातून तो जात असताना त्याला जवळजवळ समांतर असा दुसरा महामार्ग कशाला, असा हा युक्तिवाद आहे. कोल्हापूर, सांगलीत तो अधिक जोरकस ठरतो. परभणीत त्याला दुसरी बाजू आहे, कारण हा जुना महामार्ग नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतून परभणीला वळसा घालून जातो. शक्तिपीठाचे समर्थक नेमके याकडेच बोट दाखवतात. मोठे रस्ते आजवर जिल्ह्याच्या बाहेरून गेले, आता आलेली संधी दवडू नये, असे त्यांचे म्हणणे आहे. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण ऐकत लहानाची मोठी झालेली पिढी या भावनेशी सहज सहमत होते.

पाण्याखालच्या जमिनीचा प्रश्न

विरोधाचे सर्वांत मोठे कारण जमिनीच्या प्रकारात आहे. दुष्काळी मराठवाडा असे सरसकट म्हटले जात असले, तरी गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यातील काळी, खोल जमीन कसदार आहे. जायकवाडीचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा परभणी जिल्ह्यापर्यंत येतो. येलदरी आणि सिद्धेश्वर या धरणांच्या पूर्णा प्रकल्पाचे पाणीही जिल्ह्याच्या काही भागाला मिळते. कालव्याचे पाणी शेतापर्यंत येण्यासाठी येथील शेतकऱ्यांच्या आधीच्या पिढीने कालव्याला, चाऱ्यांना आणि धरणांना जमिनी दिल्या. त्या पाण्यावर ऊस, हळद, केळी उभी राहिली. आता हीच बागायती जमीन रस्त्यासाठी मागितली जात आहे, ही त्यांची खंत आहे.

कायदा याबाबत काय म्हणतो? २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १० मध्ये बहुपीक बागायती जमीन केवळ अपवादात्मक परिस्थितीत, अखेरचा उपाय म्हणूनच संपादित करावी, असे म्हटले आहे. मात्र त्याच कलमात पुढे रेल्वे, महामार्ग, कालवे यांसारख्या रेषेत जाणाऱ्या प्रकल्पांना या बंधनातून वगळले आहे. त्यामुळे 'बागायती जमीन घेता येत नाही' हा गावोगावी ऐकू येणारा समज महामार्गाच्या बाबतीत टिकत नाही.

संमतीबाबतही असाच गैरसमज आहे. या मार्गांसाठीचे भूसंपादन महाराष्ट्र महामार्ग अधिनियम, १९५५ नुसार होते. २०१८ मध्ये राज्याने २०१३ च्या केंद्रीय कायद्यात केलेल्या दुरुस्तीमुळे या अधिनियमाखालील भूसंपादनाला सामाजिक परिणामांचे मूल्यांकन आणि जमीनधारकांची संमती या अटी लागू होत नाहीत. मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी मात्र लागू होतात. शेतकऱ्याला हरकत नोंदवता येते, तिची सुनावणी होते, परंतु हरकत म्हणजे नकाराधिकार नव्हे. मोजणीच्या दिवशी बांधावर उभे राहून विरोध करण्याची वेळ का येते, याचे एक कारण येथे सापडते. कागदावर नाही म्हणण्याची जागा उरलेली नाही, असे शेतकऱ्याला वाटते.

मोबदल्याचे गणित

'पाचपट मोबदला' हा शब्द समृद्धी महामार्गाच्या काळात गावोगावी पोहोचला. तो कसा येतो, हे थोडक्यात पाहू. प्रथम जमिनीचे बाजारमूल्य ठरते. त्यासाठी रेडी रेकनरचा दर आणि परिसरातील मागील तीन वर्षांच्या खरेदीखतांपैकी वरच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी, यांतील जास्त असलेली रक्कम धरतात. ग्रामीण भागात तिला १ ते २ या दरम्यानच्या गुणकाने गुणले जाते. येणाऱ्या रकमेइतकीच रक्कम दिलासा म्हणून दिली जाते.

समजा, एका एकराचे बाजारमूल्य १० लाख रुपये ठरले. गुणक २ असेल तर २० लाख आणि दिलासा २० लाख, असे ४० लाख रुपये होतात. समृद्धीच्या वेळी थेट खरेदीने जमीन देणाऱ्याला त्यावर २५ टक्के अधिक देण्यात आले. म्हणजे ५० लाख, बाजारमूल्याच्या पाचपट. गुणक १ असेल, तर तीच रक्कम २० लाखांवर येते. २०२१ मध्ये राज्य शासनाने महामार्गांसाठीचा गुणक कमी करून १ केला, तेव्हापासून 'समृद्धीचा दर' ही मराठवाड्यातील शेतकऱ्यांची मुख्य मागणी झाली. एकाच जमिनीची किंमत शासन निर्णयाच्या एका आकड्यावर निम्मी किंवा दुप्पट होते, हे कळल्यावर शेतकरी आधी दर लेखी मागतो, यात नवल नाही.

यात आणखी एक मेख आहे. सर्व गुणाकार ज्या बाजारमूल्यावर उभा आहे, ते अनेक गावांत प्रत्यक्ष व्यवहारापेक्षा कमी नोंदलेले असते. मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी खरेदीखतात रक्कम कमी दाखवण्याची प्रथा जुनी आहे. त्याचा फटका आता संपूर्ण गावाला बसतो. शिवाय पाण्याखालची जमीन सहसा कोणी विकत नाही. त्यामुळे नोंदलेले व्यवहार हलक्या जमिनीचे असतात आणि सरासरी खाली येते. विहीर, पाइपलाइन, फळझाडे, गोठा यांची स्वतंत्र किंमत मिळते, पण ती संयुक्त मोजणीच्या वेळी नोंदली गेली तरच. मोजणीवर बहिष्कार घालणाऱ्या शेतकऱ्यांपुढे हा खरा पेच आहे. विरोध म्हणून बांधावरून निघून जावे, तर नोंद राहण्याची भीती. थांबून नोंद करून घ्यावी, तर संमती दिली असे समजले जाण्याची भीती.

रस्त्यानंतर उरलेले शेत

समृद्धी महामार्गासाठी सपाट भागात १२० मीटर रुंदीची जमीन घेण्यात आली. या रुंदीचा एक किलोमीटर रस्ता म्हणजे १२ हेक्टर, सुमारे ३० एकर. शक्तिपीठ महामार्गासाठी सुमारे साडेसात हजार हेक्टर जमीन लागणार असल्याचे शासनाने सांगितले आहे. म्हणजे किलोमीटरमागे सरासरी २३ एकर. दोन-तीन एकरांच्या मालकांच्या गावात एवढ्या पट्ट्यात किती कुटुंबे येतात, याचा अंदाज कोणालाही बांधता येईल.

मोबदला गेलेल्या जमिनीचा मिळतो. उरलेल्या जमिनीचे काय, हा प्रश्न तेवढाच मोठा आहे. आखणी बांध पाहून जात नाही. शेत तिरपे कापले गेले, तर एका बाजूला विहीर आणि दुसऱ्या बाजूला शेत, अशी स्थिती होते. उरलेला त्रिकोणी तुकडा औताला परवडत नाही आणि तुकडेबंदीच्या नियमांमुळे सहज विकताही येत नाही. जमिनीचे तुकडे पडल्याने होणाऱ्या नुकसानीचा विचार मोबदल्यात करण्याची तरतूद २०१३ च्या कायद्यात आहे. तिची मागणी करणारे शेतकरी मात्र थोडे आहेत.

द्रुतगती मार्ग दोन्ही बाजूंनी बंदिस्त असतो. त्यावर वाटेल तेथून चढता किंवा ओलांडता येत नाही. जुन्या पाणंद रस्त्यांना भुयारी मार्ग मिळाला नाही, तर समोर दिसणाऱ्या शेतात जाण्यासाठी दोन-तीन किलोमीटरचा फेरा पडतो. उसाची ट्रॉली किंवा कापसाची गाडी जाईल एवढी उंची भुयारी मार्गाला आहे का, हे गावकऱ्यांनी आराखड्याच्या टप्प्यावरच पाहणे आवश्यक आहे. काम पूर्ण झाल्यावर त्यात बदल होत नाही.

पाण्याच्या निचऱ्याचाही मुद्दा आहे. काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही. त्यातून भराव टाकून उंच रस्ता गेला आणि मोऱ्या कमी पडल्या, तर वरच्या बाजूची शेते चिबड होतात. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टी आणि पुराने मराठवाड्यातील पिके पाण्याखाली गेल्यानंतर ही भीती अधिक वाढली आहे. तिला उत्तर द्यायचे तर प्रत्येक गावाच्या शिवारात मोरी कोठे आणि किती रुंदीची, हे गावासमोर मांडावे लागेल.

पथकर कोण भरणार, रस्ता कोण वापरणार?

समृद्धी महामार्गावर दुचाकी आणि ट्रॅक्टर यांना प्रवेश नाही. ग्रामीण भागातील बहुतेक कुटुंबांकडे असलेले वाहन म्हणजे दुचाकी आणि शेतीकामाचे वाहन म्हणजे ट्रॅक्टर. नव्या मार्गांवर हेच नियम राहिल्यास ज्याची जमीन गेली, त्याला स्वतःच्या वाहनाने त्या रस्त्यावर पाऊल ठेवता येणार नाही. समृद्धीवर १ एप्रिल २०२५ पासून मोटारीसाठी किलोमीटरला २ रुपये ६ पैसे असा पथकर आहे. त्याच दराने हिशेब केला, तर जालना ते नांदेड या १८० किलोमीटरसाठी एका वेळी सुमारे ३७० रुपये लागतील. वेळ वाचवू पाहणाऱ्या प्रवाशाला, रुग्णवाहिकेतून जाणाऱ्या रुग्णाच्या नातेवाइकांना किंवा नाशवंत माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला जलद रस्त्याचे महत्त्व निश्चितच आहे. परंतु रोजच्या वापरासाठी बहुसंख्यांना जुनाच रस्ता लागणार आहे. नवा मार्ग झाल्यावर जुन्याकडे दुर्लक्ष होऊ नये, ही मागणी म्हणूनच दोन्ही बाजूंचे लोक करतात.

शहरांच्या दृष्टीने कळीचा मुद्दा प्रवेशमार्गांचा आहे. ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवर २४ ठिकाणी चढ-उतार करता येते. म्हणजे सरासरी २९ किलोमीटरला एक. हा प्रवेशमार्ग जेथे येतो, तेथे गोदामे, हॉटेले, जमिनीचे वाढते भाव येतात. दोन प्रवेशमार्गांच्या मधल्या गावांच्या वाट्याला मात्र केवळ भराव आणि कुंपण येते. रस्त्याचे स्वागत आणि विरोध यांची विभागणी बऱ्याच अंशी याच रेषेवर झालेली दिसते.

ज्यांची नोंद सातबाऱ्यावर नाही

या चर्चेत फारसे न ऐकू येणारे काही आवाज आहेत. बटईने शेती करणारा, सालगडी आणि शेतमजूर यांचे नाव सातबाऱ्यावर नसते. पाण्याखालची तीस एकर जमीन रस्त्यात गेली, तर निंदणी, वेचणी, ऊसतोडीची कामेही जातात. मालकाला रक्कम मिळते. मजुराला दुसरे गाव शोधावे लागते. २०१३ च्या कायद्याने तीन वर्षांपासून त्या जमिनीवर राबणाऱ्या मजुरालाही बाधित कुटुंब मानले आहे. थेट खरेदीच्या व्यवहारात मात्र त्याचा विचार सहसा होत नाही.

दुसरा वर्ग आहे गाव सोडून शहरांत गेलेल्या वारसांचा. वडिलांच्या नावावरील जमिनीला वारसांची नोंद लागलेली नसते, बहिणींचा हिस्सा निश्चित झालेला नसतो. मोबदल्याची रक्कम जाहीर होताच असे जुने प्रश्न वर येतात आणि वाद झाल्यास पैसे न्यायालयात अडकतात. पुणे, मुंबईत राहणाऱ्या ज्या वाचकांची जमीन या पट्ट्यात आहे, त्यांनी वारस नोंदी आणि विहीर, झाडे यांच्या नोंदी आताच तपासून घेणे हिताचे ठरेल. रस्त्याला पाठिंबा असो वा विरोध, याची गरज दोघांनाही आहे.

कोल्हापूरला एक, परभणीला दुसरा न्याय?

डिसेंबर २०२५ मध्ये हिवाळी अधिवेशनात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सोलापूर ते चंदगड या भागातील आखणी बदलण्याचे सूतोवाच केले. पश्चिम महाराष्ट्रातील संघटित विरोधाचा हा परिणाम मानला जातो. मराठवाड्यात त्याची प्रतिक्रिया उमटणे स्वाभाविक होते. तेथील बागायती जमीन वाचवण्यासाठी रेषा हलू शकते, तर पूर्णा आणि गोदावरीकाठच्या बागायती जमिनीसाठी का नाही, असा प्रश्न येथे विचारला जात आहे. मराठवाडा मागास असल्यामुळे रस्त्याची गरज येथे अधिक आहे, हा शासनाचा युक्तिवाद आहे. परंतु मागास भागातील बागायती शेत त्याच्या मालकासाठी अधिक मोलाचे असते, कारण उत्पन्नाचे दुसरे साधन त्याच्याजवळ नसते. ही बाजूही तितक्याच गांभीर्याने ऐकली जायला हवी.

जालना ते नांदेड मार्गाचा अनुभव सांगतो की, उपयोग पटला आणि दर ठरला, तर परभणीचा शेतकरी जमीन देण्यास तयार होतो. शक्तिपीठाबाबत त्याचे प्रश्न मोजके आणि स्पष्ट आहेत : ही आखणी कोरडवाहू जमिनीकडे सरकू शकते का, गुणक कोणता लागणार, भुयारी मार्ग आणि मोऱ्या कोठे असतील, चढण्या-उतरण्याची जागा कोणत्या गावाजवळ असेल आणि आपल्या वाहनाला तेथे प्रवेश असेल का? यांपैकी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर नकाशावर आणि कागदावर देता येण्याजोगे आहे. मोजणीची यंत्रे बंदोबस्तात पुन्हा शिवारात नेण्यापूर्वी ही उत्तरे ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवली गेली, तर या प्रकल्पाचे खरे समर्थक किती आणि विरोधक किती, हे शासनालाही कळेल आणि परभणीकरांनाही.